हलवून खुंटा

मुर्गाबच्या शाळेत दुर्बीण नाही.
यायची आहे, असं कचेरीचं तिसरं पत्र आलंय.
सातवीच्या वर्गात एक तक्ता आहे, जुन्या राजवटीतला,
त्यातला शनी उन्हानं विटून गेलाय,
कडं तेवढं उरलंय.

पाठ सगळ्यांना येतं. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ,
एका दमात, गोठ्यात याक हाकारावेत तसं.
आणि बाहेर, साडेतीन हजार मीटरच्या वर,
वीज रोजच जाते तिथं,
आकाश इतकं खाली येतं
की पाण्याला निघालेलं माणूस वाकून चालतं.
वर कुणी बघत नाही. थंडी असते.

एप्रिलात मी खिडकीच्या पडद्याची दांडी काढली.
पोकळ, सरळ, दोन हात लांब,
करंगळी जाईल एवढं भोक.
पोरांनी चिखल कालवला, मी कुंपणाच्या भिंतीवर दांडी धरली
रात्री नऊला, तेमिर काझिक मधोमध येईपर्यंत.
म्हणजे लोखंडी खुंटा. ध्रुवाचं आमच्याकडचं नाव.
त्याला दोन पांढुरके घोडे बांधलेत,
सात चोर रात्रभर भोवती फिरतात,
खुंटा पक्का, म्हणून घोडे अजून जागेवर.

चिखल दोन मिनिटांत गोठून दगड झाला.
मी म्हणालो, आता कधीही बघा, तारा आतच.
बाकीचे फिरतील, हा नाही.
सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.

आयझिरेकनंही.
ती पाढ्यांत कच्ची, साताच्या पुढे अडखळते.
पण घरच्या तीस याकांत एक कमी असला
तर दारातूनच सांगते.
त्या रात्री त्यांची याकीण अडली होती.
पहाटे तीनला आजोबांचा कोट घालून
ती शेजारच्या घरी गरम पाणी मागायला निघाली,
आणि वाटेत, का कुणास ठाऊक,
दांडीला डोळा लावला.

रिकामी.

सकाळी वर्गात उभी राहिली. सर, तारा गेला.
वर्ग हसला. मीही, थोडासा.
म्हटलं, तुझा धक्का लागला असेल.
तर म्हणते, चिखल दगड झालाय, हलवून दाखवा.
गेलो. दोन्ही हातांनी ओढली.
तसूभरही नाही.

ती रात्र आम्ही अकरा जण भिंतीपाशी, शेणी पेटवून, पाळीपाळीनं.
नऊला मधोमध.
अकराला कडेकडे.
बाराला काठ.
साडेबाराला नुसता अंधार.
कुणी ओरडलं नाही.
सर्वांत मोठ्यानं हसलेला दैरबेक
पुन्हा पुन्हा डोळा लावत राहिला,
रिकाम्या खिशात माणूस पुन्हा हात घालतो तसा.

मी एकेकाची वही मागितली,
कालचं माझं वाक्य त्यांच्यासमोर खोडलं.
पेनातली शाई गोठली होती,
तरी खोडलं, कागद फाटेस्तोवर.

मग आयझिरेकच म्हणाली, शेकोटीकडे बघत,
खरा खुंटा दिसत नसणार.
तिथं तारा नाहीच, नुसती जागा.
हा आपला तारा शेजारी उभा, तोही बांधलेला,
पण दावं आखूड, म्हणून कळत नव्हतं.

घरी जाऊन तिनं आजोबांना सांगितलं.
ताश्तेमिर म्हणाले, चाळीस वर्षं त्याच्याकडे बघून
खिंडी ओलांडल्या, कधी चुकलो नाही.
ती म्हणाली, थोडे चुकला असाल, कळलं नसेल.
म्हातारा बराच वेळ गप्प.
मग विचारलं, दावं किती लांब?

हे तिला माहीत नव्हतं. मला विचारायला आली.
मलाही नव्हतं.

कचेरीचा तक्ता भरून पाठवलाय.
उपकरणं: पडद्याची दांडी, एक.
खिडकी आता उघडीच असते.
दहाच्या सुमाराला ऊन थेट फळ्यावर येतं,
अक्षरं दिसत नाहीत, पोरं हात आडवा धरून वाचतात.
परवा कुणीतरी त्या उन्हाच्या कडेनं
खडूची रेघ मारून खाली वेळ लिहिली.
मी पुसली नाही.